घरी येऊन रक्त नेणारी आमची इंदूरची लॅब: मेलॅनोमाच्या उपचारातले दहा महिने

दहा महिन्यांत माझ्या बायकोचं रक्त २३ वेळा काढून झालं. पहिल्यांदा एका मोठ्या लॅबने नेलं, एकदा पुण्यात दिलं, आणि बाकी २१ वेळा एकाच लॅबच्या एकाच मुलीने काढलं, राजेंद्रनगरच्या आमच्या घरी, देवघराशेजारच्या आरामखुर्चीत. त्या लॅबबद्दल लिहितोय. नाव घालत नाही. तुमच्या घराजवळची लॅब दुसरीच असेल, आणि विचारायचं काय ते कळलं तर नावावाचून अडणार नाही. ज्यांच्या घरी मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) आहे, इम्युनोथेरपी (आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार) चालू आहे, त्यांनी सवडीने वाचावं.

आधी दुखण्याचं थोडक्यात सांगतो. हिच्या उजव्या टाचेवर काळपट कुरूप झालं होतं. कुरूपच म्हणून आठ महिने आम्ही कॉर्न कॅप लावत राहिलो. ही अन्नपूर्णेच्या देवळात अनवाणी जाते, तेव्हा टोचलं असेल काहीतरी, असंच दोघांनी धरलं. आपल्याकडे मेलॅनोमा मुळात कमी, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली होतो आणि उन्हाशी त्याचा संबंध नसतो, हे मला बायॉप्सीनंतर समजलं. तळपायावरचा काळा डाग वाढत असेल तर कॅप लावत बसू नका, दाखवून या. ऑपरेशन झालं, टाचेवर मांडीची कातडी लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. वर्षभराने फुफ्फुसात तीन बारीक ठिपके दिसले.

गाठीच्या तपासणीत ब्राफ जनुकातला बदल निघाला नाही, एनरासमधला निघाला. ब्राफवर गोळ्या आहेत. एनराससाठी तशा सोयीच्या गोळ्या नाहीत. म्हणून दर चार आठवड्यांनी सलाईनमधून निवोलुमॅब, हे इम्युनोथेरपीचं औषध. आपल्या टी-पेशींवर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो, तो १९९२ मध्ये जपानच्या तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत सापडला. हे औषध तो ब्रेक सोडवतं. होन्जो आणि अमेरिकेतले जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल असे ब्रेक सोडवून कॅन्सरवर उपचार करण्याच्या कामाबद्दल मिळालं.

मी पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात ३१ वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये होतो. सॅम्पल बिघडलेलं असेल तर मशीन कितीही भारी असो, आकडा खोटाच येतो, हे हाडात मुरलेलं आहे. तरी पहिल्या वेळी मी फसलो, कारण खुर्चीत सॅम्पल नव्हतं, बायको होती.

उपचार मार्चमध्ये सुरू व्हायचे होते. त्याआधी डॉक्टरांनी एलडीएच मागवलं, म्हणजे पेशींच्या आत असणारं एक एन्झाइम. मेलॅनोमाच्या स्टेजमध्ये रक्तातला हा एकच आकडा गणला जातो. लांबच्या अवयवात रोग पोचला असेल तर अवयवाप्रमाणे एम१ए, एम१बी असं लिहितात आणि पुढे कंसात शून्य किंवा एक: एलडीएच नॉर्मल तर शून्य, वाढलेलं तर एक. कंसातला एक म्हणजे पुढची वाट जास्त अवघड. फोनवरच्या ॲपमधून एका मोठ्या लॅबचा मुलगा बोलावला. तो घाईत होता. कोपराची शीर नीट सापडली नाही, म्हणून मनगटाजवळच्या बारीक शिरेत सुई घातली, सिरिंज जोर लावून ओढली, आणि तेच रक्त सुईतून दाबून ट्यूबमध्ये ढकललं. मी बघत होतो. मग ट्यूब बर्फाच्या पाकिटांमध्ये ठेवून बाइकवरून निघून गेला.

रात्री नऊला रिपोर्ट आला: एलडीएच ६१२, मर्यादा २५० पर्यंत. ही वाचून गप्प झाली. जेवण तसंच राहिलं. रात्री दोन वाजता मला म्हणाली, "अहो, मुलाला आत्ता काही कळवू नका." सकाळी चष्मा लावून तोच कागद पुन्हा वाचला, तेव्हा सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ दिसली: सॅम्पल हीमोलाइज्ड.

म्हणजे रक्तातल्या लाल पेशी फुटल्या होत्या. लाल पेशींच्या आत एलडीएच ठासून भरलेलं असतं. त्या फुटल्या की ते बाहेरच्या सीरममध्ये मिसळतं आणि मशीन इमानदारीने सगळंच मोजतं. बारीक शीर, जोराची ओढ, सुईतून दाबून ढकलणं, या प्रत्येकाने पेशी फुटतात. बर्फाचं वेगळंच. एलडीएचचे पाच प्रकार असतात आणि त्यांतले काही थंडीत टिकत नाहीत, म्हणून हे सॅम्पल फ्रिजमध्ये नाही, खोलीच्या तापमानालाच ठेवायचं असतं. मी त्या लॅबला फोन केला. उत्तर मिळालं की रिपोर्टवर तसं लिहिलेलं आहे. लिहिलेलं होतं हे खरं. पण असं सॅम्पल आलं तर आकडा छापायच्या आधी माणसाला फोन करून पुन्हा रक्त मागायचं असतं.

डॉक्टर म्हणाले, आजच दुसरीकडे करा. शेजारच्यांनी ही लॅब सुचवली.

तासाभरात ती मुलगी आली. खंडव्याकडची, पंचविशीची. हिला म्हणाली, "आंटी, पहले पानी पी लो, पाँच मिनट बैठो." दोन्ही हात बघितले, उजव्या कोपराची शीर बोटाने चाचपली. स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर थांबली. मला वाटलं काही विसरली. ती स्पिरिट वाळायची वाट बघत होती. ओलं स्पिरिट सुईबरोबर आत गेलं तर पेशी फुटू शकतात म्हणतात. पट्टा बांधून मूठ आवळायला लावली नाही, आणि रक्त ट्यूबमध्ये येऊ लागताच पट्टा सोडला. ट्यूब आपल्या ओढीनेच भरली, तिने काही ढकललं नाही. मग पिवळ्या टोपणाची ती ट्यूब हलवायच्या ऐवजी पाच वेळा हळू उलटी-सुलटी केली आणि उभी ठेवली. मी विचारलं, बर्फ? म्हणाली, एलडीएचला नाही लागत, अर्धा तास गोठू देऊ, मग सेंट्रिफ्यूज. मी तिथल्या तिथे ठरवलं की आता हीच.

त्या दिवशीचा एलडीएच १९८.

म्हणजे कंसात शून्य. ही देवापुढे जाऊन बसली, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून बराच वेळ उभा राहिलो.

तेव्हापासून मी वही ठेवली आहे. तारीख, वेळ, आकडा, लॅबची वरची मर्यादा, आणि शेवटच्या रकान्यात आकडा भागिले मर्यादा. हा रकाना का लागतो ते पुण्याला कळलं. ऑगस्टमध्ये मुलाकडे गेलो होतो, तिथल्या लॅबमध्ये एलडीएच आलं ३९१. मुलगा पांढराफटक पडला. मी मर्यादा बघायला सांगितली: २३० ते ४६०. एलडीएच मोजायच्या दोन रीती आहेत. एकीत लॅक्टेटपासून पायरुव्हेट बनतं, दुसरीत पायरुव्हेटपासून लॅक्टेट. दुसरी रीत आपल्याकडे अनेक ठिकाणी चालते आणि तिचे आकडे साधारण दुपटीने येतात. ३९१ ला ४६० ने भागलं तर ०.८५, इंदूरच्या १९८ ला २५० ने भागलं तर ०.७९. बायको तीच होती, फरक मोजपट्टीत होता. म्हणून कोणी विचारलं तर पहिली गोष्ट हीच सांगतो: उपचार चालू असेपर्यंत लॅब बदलू नका, आणि बदलावीच लागली तर दोन आकडे शेजारी ठेवून घाबरू नका.

एलडीएच फक्त कॅन्सरने वाढतं असंही नाही. लिव्हर सुजलं, स्नायू दुखावला, हार्ट अटॅक आला, तरी वाढतं. म्हणून डॉक्टर त्याच्याबरोबर एसजीपीटी (लिव्हरसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), साखर आणि टीएसएच (थायरॉइडसाठी; थायरॉइडचं हार्मोन जास्त झालं की हे कमी होतं) बघतात. ब्रेक सुटलेल्या टी-पेशी घरच्यांवरही हात टाकू शकतात, त्यात थायरॉइड बरेचदा सापडतं.

आमच्याकडे तसंच झालं. दुसऱ्या डोसानंतर टीएसएच ०.०२ आलं. लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा रिपोर्टच्या आधी फोन आला: तुमच्या मिसेस केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतात का? मी चकित झालो, कारण घेत होती. आमच्या लेकीने आणून दिल्या होत्या. त्या म्हणाल्या, आमच्या मशीनची चाचणी बायोटिनवर चालते, जास्त बायोटिन पोटात असलं की टीएसएच खोटं कमी दिसू शकतं, तीन दिवस गोळ्या बंद करा, पुन्हा पाठवते, पैसे घेणार नाही. तीन दिवसांनी पुन्हा ०.०२ आलं. म्हणजे आकडा खरा होता, थायरॉइड सुजून हार्मोन रक्तात सांडत होतं. पण तो फोन मी विसरणार नाही.

सहा आठवड्यांनी टीएसएच उलटीकडे गेलं, ३८. सुजलेली ग्रंथी रिकामी झाली होती. ही दिवसभर पडून असायची, पोळी लाटताना मध्येच खाली बसायची, आवाज जड झाला होता. आम्हाला दोघांना रोगच वाढतोय असं वाटत होतं आणि दोघंही ते बोलत नव्हतो. डॉक्टरांनी थायरॉक्सिन (थायरॉइडच्या हार्मोनची गोळी) लगेच सुरू केलं नाही, आधी सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीचं हार्मोन, मागवलं. ॲड्रिनल किंवा पिट्युटरी ग्रंथीलाही मार बसला असेल आणि ते न बघता थायरॉक्सिन दिलं तर जीव धोक्यात येऊ शकतो. कॉर्टिसॉल सकाळी सगळ्यात जास्त असतं, म्हणून वेळ पाळावीच लागते. जूनचा शेवट, रात्रभर पाऊस, आमच्या रस्त्यावर घोट्याइतकं पाणी. लॅबची मुलगी पावणेआठला दारात उभी, रेनकोटमधून पाणी गळतंय, डबा मात्र कोरडा. कॉर्टिसॉल ठीक निघालं. थायरॉक्सिन सुरू झालं आणि महिन्याभरात हिने सगळं स्वयंपाकघर पुन्हा ताब्यात घेतलं.

आता त्या चाचणीबद्दल, जिच्यासाठी या लॅबचा एक तारा कापतोय.

गाठीच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. त्याला सीटीडीएनए म्हणतात. तुकडे इवलेसे, साधारण १६० ते १७० अक्षरांचे, आणि काही तासांतच रक्तातून नाहीसे होतात. म्हणून आज रक्तात सापडले ते आजचेच. आमच्या गाठीची खूण माहीत होती, एनरासमधला तो बदल, तेव्हा रक्तात नेमकं तेच अक्षर शोधायचं. रक्तातून काढलेला डीएनए सुमारे २०,००० तेलातल्या थेंबांमध्ये वाटतात आणि प्रत्येक थेंबात वेगळा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची रीत) करतात. मग किती थेंबांत बिघडलेलं अक्षर उजळलं ते मोजायचं. मी निवृत्त झालो तेव्हा आमच्याकडे असलं काही नव्हतं. हे वाचताना मला फार आनंद झाला, एवढ्या दुखण्यातही.

ही चाचणी इंदूरच्या आमच्या लॅबमध्ये होत नाही, रक्त बाहेरगावी जातं. पहिल्या डोसाच्या आधी एकदा हवी होती, पुढचे आकडे तिच्याशी ताडण्यासाठी. रक्त काढलं रंगपंचमीच्या आदल्या दिवशी. मुलीला काउंटरवरून जांभळ्या टोपणाची साधी ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूब दिली होती आणि तिने त्यातच घेतलं. दुसऱ्या दिवशी राजवाड्याला गेर (रंगपंचमीची मिरवणूक), शहराला सुट्टी, कुरिअर बंद. ट्यूब दोन दिवस फ्रिजमध्ये पडून राहिली. बाहेरगावच्या लॅबने सॅम्पल परत केलं, आणि योग्य केलं. ईडीटीएमध्ये रक्त ठेवलं की काही तासांत पांढऱ्या पेशी फुटू लागतात, त्यांचा निरोगी डीएनए बाहेर पडतो, आणि गाठीचे मोजके तुकडे त्या गर्दीत हरवतात. यासाठी वेगळी ट्यूब मिळते; तिच्यातलं औषध पेशींना धरून ठेवतं, मग रक्त फ्रिजशिवाय १४ दिवसांपर्यंत चालतं. ती आणून घेणं लॅबचं काम होतं. डोस दोन दिवस पुढे ढकलावा लागला. कॅन्सरच्या माणसाला दोन दिवस किती मोठे असतात, ते काउंटरवरच्या मुलाला मी आवाज न चढवता सांगितलं. मॅडमनी स्वतः फोन करून चूक मान्य केली, बाहेरगावाहून बरोबर ट्यूब मागवल्या, दुसऱ्या वेळचे पैसे घेतले नाहीत. आता त्या ट्यूब त्यांच्याकडे कायम असतात.

पहिल्या आकड्यात हजारात सुमारे सहा तुकडे बिघडलेले निघाले. आठ आठवड्यांनी केली तेव्हा एकही नाही.

आणि जूनच्या सीटीत तीन ठिपक्यांपैकी एक थोडा मोठा दिसला. इम्युनोथेरपीत असं होतं, की टी-पेशी गाठीत घुसतात, तिथे गर्दी होते, आणि गाठ वाढल्यासारखी दिसते. पण खरीच वाढलेली गाठही तशीच दिसते. डॉक्टरांनी सीटीडीएनएचा कागद समोर ठेवून आम्हाला समजावलं. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये मेलॅनोमाच्या १२५ रुग्णांचं रक्त असंच पाहिलं होतं. त्यात अशी खोटी वाढ नऊ जणांत निघाली आणि त्या नऊंच्याही रक्तात सीटीडीएनएचं चित्र चांगलं होतं. एकट्या रक्तावर विसंबून राहायचं नाही, पण औषध बदलायची घाई करायची नाही, असं ठरलं. सप्टेंबरच्या सीटीत तो ठिपका आधीपेक्षा लहान होता, बाकीचे दोन जेमतेम दिसत होते.

मात्र या चाचणीने निश्चिंत होऊ नका. मेंदूत गेलेला रोग रक्तात फार कमी तुकडे सोडतो, म्हणून रक्त साफ असलं तरी आमचा मेंदूचा एमआरआय ठरल्या वेळी होतोच. चाचणी महाग आहे, आम्हाला दर वेळी पंचवीस हजारांच्या वर पडली, आणि गाठीतली खूण माहीत नसेल तर या रीतीने करता येत नाही. दर महिन्याला करत बसू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच करा.

एस१००बी नावाचं आणखी एक प्रोटीन आहे, जर्मनीकडे मेलॅनोमाच्या पाठपुराव्यात बरंच वापरतात. आम्ही दोनदा केलं, दोन्ही वेळा नॉर्मल. एलडीएचपेक्षा वेगळं काही सांगत नव्हतं म्हणून थांबवलं.

आणि एक कळकळीचं. कॅन्सर म्हटलं की फोनवर 'ट्यूमर मार्कर पॅकेज' गळ्यात मारणारे पुष्कळ भेटतात. सीईए, सीए १२५, सीए १९-९, एएफपी. मेलॅनोमाला यांतलं एकही लागू नाही. पहिल्या लॅबने मला ते दोनदा विकायचा प्रयत्न केला. आमच्या लॅबच्या मुलीला मी मुद्दाम विचारून पाहिलं, तर म्हणाली, "डॉक्टरने लिखा है क्या अंकल? नहीं तो रहने दो."

खर्चाचं: एलडीएचचे आम्ही साडेतीनशे देतो, घरी यायचे शंभर. एकापेक्षा जास्त चाचण्या असल्या तर शंभर घेत नाहीत. रिपोर्ट दुपारी चारपर्यंत मोबाइलवर. एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेची) खूण कुठल्या चाचणीवर आहे आणि कुठल्यावर नाही, हे कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं. पूर्ण लॅबला मान्यता आहे असं समजू नका, चाचणीवार बघा. रविवारी लॅब बंद असते, त्यामुळे सोमवारच्या डोसाला शनिवारी रक्त द्यावं लागतं. दुपारी काउंटरला फोन लागत नाही, मुलीच्या नंबरवर लागतो, पण तिला सारखं त्रास देणं बरं नाही.

शेवटची तक्रार डिसेंबरची. रिपोर्ट आला १८७, आणि मर्यादा २५० ऐवजी २२५. कोणी काही कळवलं नव्हतं. आकडा खाली आलाय म्हणून ही खूश झाली, आणि मला वही बंद करून ठेवावीशी वाटली. मॅडमना फोन केला. मशीन बदललं होतं. मी म्हटलं, जुनं मशीन अजून चालू आहे का? तर हेच सीरम त्यावरही एकदा लावा, म्हणजे आम्हाला जुन्या-नव्याची सांगड घालता येईल. कारखान्यात आम्ही मशीन बदलताना आठवडाभर दोन्ही शेजारी चालवत असू. त्या क्षणभर थांबल्या आणि हो म्हणाल्या. संध्याकाळी दुसरा आकडा आला: जुन्या मशीनवर २०४. भागाकार ०.८२ आणि ०.८३. वहीत त्या तारखेपुढे दोन्ही आकडे लिहून मी खाली रेघ मारली. नव्या मशीनचे आकडे तिथून खाली आहेत.

पाचपैकी चार.